गोव्यातलं फुटबॉल, वही-पेन्सिल घेऊन चार दिवस

या फेरीसाठी आधी सामन्यांचं वेळापत्रक बघायचं, खोली नंतर शोधायची. महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पाऊस सरलेला असतो, भात कापून दक्षिण गोव्यातल्या साष्टी तालुक्यातली शेतं मोकळी झालेली असतात आणि चार वाजल्यानंतरचं ऊन तिरकं होतं. तिरक्या उन्हात खेळाडूची सावली त्याच्या उंचीच्या पुढे जाते आणि पाय जमिनीला कुठे टेकला हे ती सावलीच सांगते. चित्र काढणाऱ्याला याहून जास्त मदत कोणी करत नाही.

सामान थोडंच घ्यावं. ए५ मापाची, १२० ते १५० ग्रॅम कागदाची वही, ४बीच्या दोन पेन्सिली, एक काळं ब्रशपेन, जलरंगाची छोटी डबी आणि वाऱ्याला पानं धरून ठेवायला कपडे वाळवायचे दोन चिमटे. खोडरबर घरीच ठेवा. खोडत बसलात तर तेवढ्यात दोन कॉर्नर होऊन जातात.

पहिला दिवस: पणजी

मांडवीच्या काठी, आझाद मैदानाजवळ, मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात पोर्तुगीज चित्रकार जॉर्ज कोलासू यांच्या फरशांची भित्तिचित्रं आहेत, १९३५ सालची. पांढऱ्यावर निळं. फुटबॉलचा त्यात मागमूस नाही, तरी सुरुवात इथूनच करावी, कारण गोव्यातल्या दमट हवेत काय टिकतं हे इथे उभ्या उभ्या कळतं. रंग फरशीवर बसवलेला नाही, काचेसारख्या लुकणात (ग्लेझमध्ये) वितळवलेला आहे. त्याला पोपडा धरायला जागाच नाही.

या फरशांना आझुलेज म्हणतात. पणजीच्या फोंतेन्यश भागात घरांच्या नावाच्या पाट्या याच पद्धतीच्या दिसतात आणि शहरात त्या करूनही मिळतात. कृती थोडक्यात अशी. एकदा भाजलेल्या फरशीवर पांढऱ्या अपारदर्शक लुकणाचा थर द्यायचा आणि तो सुकू द्यायचा. कागदावरच्या आराखड्याच्या रेषा सुईने टोचून घ्यायच्या. तो कागद फरशीवर ठेवून वरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी थापटायची, म्हणजे ठिपक्यांची रेघ उमटते. मग धातूंच्या भस्मांचे रंग पाण्यात कालवून ब्रशने ओढायचे. सुकलेलं लुकण टिपकागदासारखं पाणी शोषतं, त्यामुळे एकदा टेकलेला ब्रश मागे घेता येत नाही. शेवटी भट्टी, साधारण हजार अंश सेल्सिअसच्या आसपास.

क्लबाचं बोधचिन्ह फरशीवर करून हवं असेल तर अडचण कुठे येते, ते आधीच माहीत असावं. कोबाल्टचा निळा हमखास येतो, तांब्याचा हिरवा, मँगनीजचा जांभळट तपकिरी आणि पिवळाही जुळतो. भडक लाल मात्र या जुन्या रंगपेटीत नाही. लोहभस्माचा लाल भट्टीत तपकिरीकडे झुकतो. चर्चिल ब्रदर्ससारख्या लाल जर्सीच्या क्लबाचं चिन्ह म्हणूनच फरशीवर विटकरी दिसू लागतं. खास बनवलेले कॅडमियमचे लाल रंग मिळतात, पण ते महाग असतात आणि त्यांना भट्टीचं तापमान वेगळं लागतं. कारागिराला हे आधी विचारावं. पाटी हातात आल्यावर विचारून उपयोग नाही.

दुपारी कांपालला. वास्तुकार चार्ल्स कोरिया यांच्या कला अकादमीत (१९८३) व्यंगचित्रकार मारियो मिरांडा यांनी सभागृहाच्या भिंतींवर प्रेक्षक चितारले होते: सज्जात बसलेले, वाकून बघणारे, शेजारणीशी कुजबुजणारे. मारियोंची गर्दी नीट वाचली तर स्टेडियमची गर्दी काढायला सोपं जातं. ते शंभर चेहरे शंभर वेळा काढत नाहीत. नाकांची दिशा ठरवतात. दहातली आठ नाकं एकीकडे, दोन भलतीकडे, आणि त्या दोघांमुळे बाकीचे आठ जिवंत वाटतात. सामन्यातही हेच असतं. चेंडूकडे न बघणारा शेंगदाणेवाला पानात आला नाही तर प्रेक्षकांचा नुसता वॉलपेपर होतो.

संध्याकाळी कांपालच्या मैदानावर मुलं खेळत असतात. पहिल्या दिवशी तिथे फक्त उभी माणसं काढा, पळणारी नाहीत. गोलकीपर, बदली खेळाडू, कमरेवर हात ठेवून उभा असलेला प्रशिक्षक. हाताला सवय लागली की पुढचं.

दुसरा दिवस: शिवोली, म्हापसा, कळंगुट

पणजी ते म्हापसा १३ किलोमीटर, कदंबाच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी, आणि खासगी बसेस सतत सुटतात. म्हापशाहून शिवोली. १८८३ साली फादर विल्यम लायन्स या आयरिश पाद्रींनी गोव्यात फुटबॉल आणलं ते इथे, असं सगळीकडे सांगितलं जातं. बघायला देखणी चर्च आहे आणि भोवती मोकळी जागा. अर्धा तास पुरे.

परतताना म्हापशाच्या धुळेर मैदानावर थांबा. हिरवळ कृत्रिम आहे आणि चित्रासाठी ही अडचण आहे. खऱ्या गवतात पिवळा, तपकिरी, ओला काळपट असे पाच-सहा हिरवे सापडतात. कृत्रिम मैदान एकसलग हिरवं आणि जरा निळसर. डबीतला हिरवा तसाच फासला तर पान प्लास्टिकचं दिसतं. त्यात चिमूटभर तांबडी काव मिसळली की रंग बसतो, आणि गोव्यात तांबडी धूळ कुठल्याही मैदानाच्या कडेला असतेच, तेव्हा ती लबाडीही ठरत नाही.

दुपारी कळंगुट. इथे उद्यानात क्रिस्तियानो रोनाल्डोचा पुतळा आहे, डिसेंबर २०२१मध्ये बसवलेला. वजन ४१० किलो, खर्च १२ लाख असं तेव्हा छापून आलं होतं. अनावरणाच्या वेळी काळे झेंडे दाखवले गेले. गोवामुक्तीला त्याच महिन्यात साठ वर्षं पूर्ण झाली होती, आणि पुतळा उभारायचाच तर पोर्तुगालच्या खेळाडूचा कशाला, असा सवाल होता. सवाल रास्त होता. १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक करणारे नेव्हिल डिसोझा मूळ गोंयकार. गोलकीपर ब्रह्मानंद शंखवाळकर भारताचे कर्णधार होते, त्यांना १९९७चा अर्जुन पुरस्कार आणि २०२२मध्ये पद्मश्री मिळाली. ब्रुनो कुतिन्हो यांना २००१चा अर्जुन. आणि पर्यटक सेल्फी काढतात तो रोनाल्डोबरोबर. दुसरी बाजूही आहे. गोव्यातल्या पोरांच्या अंगावर रोनाल्डोची सातव्या नंबरची जर्सी पुतळ्याच्या कितीतरी आधीपासून होती, आणि विश्वचषक आला की घराघरावर ब्राझील, पोर्तुगाल, अर्जेंटिनाचे झेंडे लागतात. पुतळ्याने ती आवड निर्माण केली नाही, फक्त पक्की करून ठेवली.

वाद बाजूला ठेवून पुतळा मूर्तिकाराच्या डोळ्याने बघा. खेळाडूचा पुतळा नेत्याच्या पुतळ्यापेक्षा अवघड असतो. नेता दोन पायांवर उभा राहतो, धोतर किंवा कोट त्याचं वजन पेलतो. खेळाडूच्या पायात बारीक घोटा असतो आणि सगळा भार त्या घोट्यावर येतो. म्हणून आत लोखंडाचा किंवा स्टीलचा गज घालून तो चौथऱ्यात खोल गाडावा लागतो. पायापाशी चेंडू दाखवला तर तो बहुतेकदा तिसरा आधार असतो, सजावट नसते. चेहरा फसतो तो हसण्यामुळे. पळताना माणूस हसत नाही, दात आवळतो. फोटोतलं हसू पळत्या धडावर बसवलं की मान दुसऱ्याचीच वाटते. मदैराच्या विमानतळावरच्या २०१७च्या रोनाल्डोच्या अर्धपुतळ्यावर जग हसलं, त्यातही घोळ ताणलेल्या हास्याचाच होता. समुद्राकाठी तर आणखी एक दुखणं. खारा वारा तांब्याच्या मिश्रधातूवर हिरवट थर चढवतो. पावसाळ्याआधी आणि नंतर गोड्या पाण्याने धुऊन, कोरडं करून मेणाचा पातळ हात दिला तर चकाकी टिकते. ब्रासो लावून घासणं सर्वांत वाईट, त्याने नाकाडोळ्याची धार दरवर्षी थोडी थोडी जाते.

क्रम उलटा करून कळंगुटला सकाळी आठच्या आत गेलात तर गर्दी नसते आणि ऊन बाजूने पडतं. दुपारी बाराला डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात.

तिसरा दिवस: फातोर्डा

पणजी ते मडगाव ३३ किलोमीटर. कदंबाची विनाथांबा शटल घ्या, साधारण तासभर लागतो. मडगावच्या कदंबा बसस्थानकावरून पंडित जवाहरलाल नेहरू स्टेडियम चालत पंधरा-वीस मिनिटांवर. १९८९ साली सुरू झालेलं हे मैदान, क्षमता सुमारे १९ हजार, २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकाचे सामने इथे झाले. एफसी गोवा या व्यावसायिक क्लबाचं घर हेच.

सामन्याच्या दोन तास आधी पोचा आणि आत जाण्याआधी रस्त्यावर बसून काढा. इंग्रज चित्रकार लॉरीने १९५३ साली सामन्याला निघालेली गर्दी रंगवली. त्या चित्रात मैदान जवळजवळ दिसतच नाही, नुसती वाकून चाललेली माणसं. २०२२मध्ये ते ७८ लाख पौंडांना गेलं. फातोर्ड्याच्या रस्त्यावर तीच चाल दिसते, फक्त ओव्हरकोटाऐवजी केशरी टी-शर्ट आणि हातात भज्यांचा पुडा.

एफसी गोवाच्या जर्सीवर गवा असतो. तो गोव्याचा राज्यप्राणीही आहे. भिंतीवर गवा काढणाऱ्यांकडून हटकून होणारी चूक म्हणजे त्याची म्हैस होते. तीन गोष्टी सांभाळल्या की गवा होतो. शिंगं आधी बाहेर पसरतात, मग वर वळतात, आणि दोन शिंगांमध्ये कपाळाचा उंच उभार असतो. खांद्यापासून पाठीच्या मध्यापर्यंत स्नायूंचा कणा उठलेला असतो. आणि गुडघ्याखाली चारही पाय पांढरट, मोजे घातल्यासारखे. खात्री करायची असेल तर फोंड्याकडच्या बोंडल्याच्या प्राणिसंग्रहालयात सकाळ घालवा.

तपासणीत ब्लेड, शार्पनर, पाण्याची बाटली अडकते. पेन्सिली आधीच टोकदार करून न्या आणि पाण्याचा ब्रश भरलेला असेल तर तो रंगाचा आहे हे दाखवता येईल असा वरच ठेवा. जागा गोलपोस्टच्या कोपऱ्याजवळची घ्या, मधली नको. मधून खेळ चांगला कळतो, पण सगळे खेळाडू बाजूने दिसतात आणि चित्र सपाट होतं. कोपऱ्यातून अंगावर येणारा खेळाडू मिळतो.

सामना सुरू व्हायच्या आधीचा वॉर्म-अप हा खरा वर्ग. तेच ताणणं, तीच धाव, तोच पास पुन्हा पुन्हा. एक हालचाल चुकली तर अर्ध्या मिनिटात परत येते. क्रम असा ठेवा. पहिली रेघ टेकलेल्या पायाची, घोट्यापासून खुब्यापर्यंत. दुसरी खुब्यांची आडवी, तिसरी खांद्यांची आडवी. या दोन आडव्या रेघा जवळपास कधीच समांतर नसतात, लाथ मारताना तर उलट्या दिशांना झुकतात, आणि सगळा जोर त्या दोन रेघांच्या मधल्या पिळात असतो. मग डोकं. मग मोकळा पाय. हात त्यानंतर, आणि चेंडू सर्वांत शेवटी. चेंडू आधी काढला की सगळं शरीर त्याच्याकडे ओढून न्यावंसं वाटतं आणि माणूस पुढे कोसळतो. एका आकृतीला दहा सेकंद, फार तर पंधरा. एका पानावर सहा आकृत्या, त्यातली एक बरी निघाली तर दिवस चांगला.

लाथ मारण्याचा नेमका क्षण पकडू नका. पाय चेंडूला लागतो तो क्षण डोळ्याला दिसतच नाही, आपण तो फोटोंवरून आठवत असतो. त्याच्या आधीचा पाय मागे गेलेला क्षण किंवा नंतरचा हवेत राहिलेला क्षण घ्या. दोन्ही ठिकाणी शरीर किंचित थांबतं. इटलीच्या बोच्चोनीने १९१३च्या आपल्या फुटबॉलपटूत हा थांबाच नाकारला आणि पळणाऱ्याचे तुकडे प्रकाशात विरघळवले. चित्र थोर आहे, पण त्यात खेळाडू शोधावा लागतो. त्यापेक्षा चित्रकार निकोला द स्ताएलकडून शिकण्यासारखं जास्त. मार्च १९५२मध्ये पॅरिसला त्याने फ्रान्स-स्वीडन सामना दिव्यांखाली बघितला आणि झपाटल्यासारखी चित्रं केली. त्यातलं मोठं दोन मीटर बाय साडेतीन मीटरचं. रंगाचे जाड चौकोनी थर, निळे, पांढरे, लाल, काळे. चेहरा नाही, नंबर नाही, तरी कोण कोणाला अडवतंय ते कळतं.

फातोर्ड्यात दिवे लागले की हे आपोआप समजतं. चार बाजूंनी उजेड येतो, म्हणून एका खेळाडूला चार फिक्या सावल्या पडतात, पायाभोवती फुली असल्यासारख्या. दिवसाच्या सवयीने एकच गडद सावली काढली तर रात्रीचा सामना दुपारचा वाटतो. हिरवळ दिव्यांखाली पिवळट होते आणि पलीकडचे प्रेक्षक जवळजवळ काळे. आधी त्या काळ्याचा पट्टा घाला, खेळाडू मग आपोआप उजळतात.

समर्थकांची फलकं बघायची ती पलीकडच्या स्टँडवरची. तिथून वाचता येतात की नाही, हीच परीक्षा. अंदाज सोपा आहे: दर दहा फूट अंतरामागे अक्षराची उंची एक इंच. समोरचा स्टँड शंभर मीटरवर धरला तर अक्षर पाऊण मीटरहून मोठं हवं. चार बाय सहा मीटरच्या फलकाला एक मीटर पन्ह्याच्या मांजरपाटाच्या चार पट्ट्या, सहा-सहा मीटरच्या, शिवून घ्याव्या लागतात. शिवणीसाठी थोडं कापड जास्त धरा. पांढऱ्या प्लास्टिक इमल्शनचा पातळ हात आधी, मग स्टेनर (इमल्शनमध्ये मिसळायचा दाट रंग) कालवून रंग, सगळं मिळून तीनेक लिटर. रंग घट्ट लावला तर घडीवर तडकतो. फलक गुंडाळावा, घडी घालू नये. वाऱ्यासाठी अक्षरांच्या मधल्या जागेत इंग्रजी यू आकाराच्या चिरा द्यायच्या, नाहीतर समुद्राकडून वारा सुटला की फलकाचं शीड होतं आणि धरणारे चौघे कठड्यावर आपटतात.

चौथा दिवस: साष्टीतली शेतं आणि भिंती

मडगावहून बाणावली, कोलवा, राय, लोटली या बाजूला स्कूटर घेऊन निघा. पाण्याची सोय असलेल्या शेतांत वायंगणाचं, म्हणजे दुसऱ्या पिकाचं, भात लागतं. बाकीची शेतं मोकळी, आणि त्यांत बांबूचे गोलपोस्ट. कडेला एखादा वयस्क गृहस्थ उभा असतोच. त्याला ‘बाब, हांगा बसूं?’ एवढं विचारलं की बसायला दगड आणि गावातल्या दोन संघांचा पूर्वेतिहास दोन्ही मिळतात.

शेतातलं मैदान आखताना बघायला मिळालं तर सोडू नका. ते गावातलं सर्वांत मोठं रेखाचित्र. काटकोन दोरीने काढतात: तीन, चार आणि पाच मीटरवर गाठी, तिन्ही बाजू ताणल्या की कोपरा बरोबर नव्वद अंशांत येतो. मधलं वर्तुळ ९.१५ मीटर त्रिज्येचं, खुंटीला दोरी बांधून. रेषा १२ सेंटिमीटरपेक्षा जाड नसावी. फसतं ते चुन्यात. ओल्या जमिनीवर बांधकामाचा चुना टाकला तर घसरून पडलेल्या पोराची कातडी भाजते, डोळ्यात गेला तर त्याहून वाईट. खडूची भुकटी वापरावी. ती दवाने लवकर पुसट होते, पण पोरं सलामत राहतात.

आता भिंती. मैदानाच्या चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) कुंपणावर, क्लबाच्या खोलीवर खेळाडूंची चित्रं दिसतात आणि दोन पावसाळ्यांत त्यांची दशा होते. गोव्यात वर्षाला तीनेक हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि चिरा स्पंजासारखा आहे. पाणी वरून येतं, मागून येतं, खालून चढतं. रंग बाहेरून कितीही भारी लावला तरी ओल आतून ढकलते आणि पोपडे सुटतात. पांढरे फुलोरे म्हणजे क्षार, काळे डाग म्हणजे शेवाळ आणि बुरशी. दोन्हींचा इलाज वेगळा.

वीस फूट बाय दहा फूट भिंतीचा हिशेब असा. नवा गिलावा असेल तर २८ दिवस थांबा. जुना असेल तर तारेच्या ब्रशने घासा, शेवाळनाशक किंवा पातळ ब्लीचिंगचं पाणी लावून रात्रभर ठेवा, धुवा, तीन-चार कोरडी उन्हं द्या. बाहेरच्या भिंतीचं प्रायमर दोन लिटर, एक्सटिरियर इमल्शन दोन हातांना चार लिटर. त्यावर एक फुटाचे चौकोन आखून छोटं चित्र मोठं करा. जमिनीपासून दीड फूट पट्टा चित्राशिवाय सोडा, तिथे पावसाचं पाणी चिखल उडवतंच. भिंतीच्या डोक्यावर दोन इंच पुढे आलेला पाखा हवा. पाखा नसेल तर बाकी सगळा खर्च पाण्यात, शब्दशः. शेवटचा पारदर्शक हात हवा खेळती ठेवणारा असावा. चकचकीत वार्निशमागे ओल कोंडते.

रंगांतही फरक आहे. स्वस्त भडक लाल आणि लिंबू पिवळा आधी उडतात. ब्राझीलच्या जर्सीचं पांढरं बनियन होतं ते यामुळेच. त्या पिवळ्या जर्सीची गंमत म्हणजे ती चित्रकाराचीच. १९५०च्या विश्वचषकातल्या पराभवानंतर ब्राझीलने पांढरा पोशाख टाकला आणि १९५३च्या स्पर्धेत अल्दिर गार्सिया श्ली या १९ वर्षांच्या चित्रकाराचा पिवळा-हिरवा-निळा-पांढरा आराखडा निवडला. भिंतीवर तो पिवळा टिकवायचा तर पिवळी काव पायाला लावा आणि वर भडक पिवळा पातळ द्या. वरचा उडाला तरी जर्सी पिवळीच राहते. लाल हवा असेल तर हुरमुंज, म्हणजे तांबडी मातीची भुकटी. गोव्यातल्या देवळांच्या कावी चित्रांत चुन्याच्या गिलाव्यावर तांबडा थर देऊन तो खरवडत पांढरी रेघ काढतात, आणि ती वर्षानुवर्षं राहते. क्लबाच्या भिंतीवर कोणी कावीत गोलकीपर काढला तर बघायला आवडेल.

भिंतीवरचा चेंडूही जवळून बघा. काळे पंचकोन, पांढरे षट्कोन, म्हणजे १९७०च्या विश्वचषकातला टेलस्टार, कृष्णधवल टीव्हीवर उठून दिसावा म्हणून काळा-पांढरा केलेला. त्यात १२ पंचकोन आणि २० षट्कोन. आजचे चेंडू तसे नाहीत, २०१४चा तर सहाच तुकड्यांचा होता. रंगारी तरीही टेलस्टारच काढतो, कारण दुसरं काही काढलं तर चेंडू वाटत नाही. चूक होते ती काळे ठिपके सारख्या अंतरावर, सारख्या मापाचे पेरण्यात. मध्ये एक पूर्ण पंचकोन काढा, त्याच्या पाचही बाजूंना षट्कोन चिकटवा, आणि पुढचे पाच काळे कडेपाशी दबलेले, अर्धवट. तेवढ्याने तबकडीचा गोळा होतो.

संध्याकाळी शेतातला खेळ अंधार पडेपर्यंत चालतो. शेवटच्या वीस मिनिटांत रंग संपतात, फक्त काळ्या आकृत्या उरतात. ब्रशपेन त्या वेळेसाठी राखून ठेवा. परतीच्या गाडीआधी पेन्सिलीच्या पानांमध्ये बटर पेपर घाला. दमट हवेत कागद फुगून पानं एकमेकांवर घासतात आणि ४बीचा गोलकीपर समोरच्या पानावरच्या मिडफिल्डरला जाऊन मिळतो.